नानांची पाठ, आईची पाठ

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाचं टोक एका जागी टेकवलं. "हा चौथा मणका, हा पाचवा. चौथा पुढे सरकलाय. दिसतंय?"

मला दिसत होतं. एकावर एक रचलेल्या डब्यांतला एखादा धक्का लागून पुढे यावा, तसा तो मणका पुढे आला होता. त्याच्या मागून जाणारा नसांचा पट्टा नेमका तिथेच दबून बारीक झाला होता. आईचा डावा पाय सहा महिने बधिर का होत होता, हे त्या बारीक जागेवरून माझ्यासारखीलाही कळलं.

"याला स्पॉन्डिलोलिस्थेसिस म्हणतात," डॉक्टर म्हणाले. मी वहीत लिहायला लागले आणि दुसऱ्याच अक्षराला अडखळले. त्यांनी वही घेऊन शब्द स्वतः लिहून दिला. त्याचा अर्थ मणका जागेवरून घसरणं. गोळ्या, पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावून ताण देणं, सगळं करून झालं होतं. आता फ्यूजन करावं लागणार होतं. फ्यूजन म्हणजे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकायचे, म्हणजे घसरणं थांबतं आणि नस मोकळी होते.

फ्यूजन हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. दहा वर्षांपूर्वी माझ्या वडिलांचं, नानांचं, हेच ऑपरेशन झालं होतं. मणकेही हेच दोन.

आईने एकच विचारलं, "मागावर बसता येईल का?"

आम्ही येवल्याचे, पैठणी विणणारे. आमचा माग खड्ड्याचा आहे, विणणारी जमिनीला बसते आणि पाय खाली खड्ड्यात पावड्यांवर, म्हणजे पायाने दाबायच्या फळ्यांवर, असतात, पाठीला टेकू नसतो, हे मी डॉक्टरांना समजावून सांगितलं. दिवसातून किती तास, असं त्यांनी विचारलं. आठ-नऊ, आई म्हणाली. डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं.

"ताई, आधी पाय वाचवू. मागाचं त्यानंतर बोलू."

 बाहेर आल्यावर तिने मला दोनदा विचारलं की त्यानंतर म्हणजे कधी.

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. मी डॉक्टर नाही. नाशिकला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. पण एकाच घरात, एकाच आजाराची, दोन वेगळ्या पद्धतींनी केलेली ऑपरेशनं मी जवळून पाहिली. आणि आईच्या वेळी माझ्या हातून एक चूक झाली. ती दुसऱ्या कुणाकडून होऊ नये, असं वाटतं.

नानांचं ऑपरेशन झालं तेव्हा मी चौथीत होते. अठ्ठ्याण्णव साल असावं. नाशिकलाच झालं, पण दवाखाना दुसरा आणि डॉक्टरही दुसरे. ते ओपन ऑपरेशन होतं. ओपन म्हणजे पाठीवर मधोमध लांब चिरा घ्यायचा, मणक्याला धरून असलेले स्नायू सोडवून दोन्ही बाजूंना ओढून धरायचे आणि मणका डोळ्यांसमोर उघडा ठेवून काम करायचं. त्या वेळी निदान आमच्यापर्यंत तरी एवढीच पद्धत पोचली होती.

मला ते दिवस तुकड्या-तुकड्यांनी आठवतात. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, त्यासाठी गल्लीतले दोघं एसटीने नाशिकला गेले होते. नाना बारा दिवस दवाखान्यात होते. घरी आले तेव्हा पाठीवर वीतभर लांब टाक्यांची रांग होती आणि कमरेच्या बाजूला आणखी एक चिरा होता. तिथलं हाड काढून मणक्यांच्या दोन्ही बाजूंना भरलं होतं. पाठ बरी झाली तरी तो कमरेचा चिरा पुढे कित्येक महिने ठणकत राहिला. त्यांना कुशीवर वळवायचं तर चादरीसकट वळवावं लागे. एक टोक आई धरायची, दुसरं मी.

ऑपरेशन चांगलं झालं होतं. पायातली कळ गेली ती परत आली नाही. पण नाना मागाच्या खड्ड्यात पुन्हा कधी उतरले नाहीत. आपल्या पाठीत लोखंड आहे आणि वाकलो की ते निखळेल, असं त्यांच्या मनाने घेतलं. कुणी तसं सांगितलं होतं की त्यांचं त्यांनीच ठरवलं, मला माहीत नाही. ते रेशीम उकलत, कांड्यांवर धागा भरत, जर आणायला जात, नक्षीचे कागद काढत. मात्र भरलेली बादली कधी उचलत नसत. चपलेचा पट्टा सुटला तर कुणीतरी येऊन लावेपर्यंत थांबत. माग आईने घेतला. तेव्हापासून आमच्या घरात विणणारी ती एकटीच.

म्हणून तिचा तो प्रश्न साधा नव्हता.

डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक, नानांसारखं ओपन. दुसरा, मिनिमली इन्व्हेजिव, म्हणजे शरीराला शक्य तितकी कमी इजा करून केलेलं. नाशिकमध्ये ते तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. निर्णय आमच्यावर आल्यावर नानांनी माझ्याकडे बघितलं. "तू शिकलेली. तूच विचार त्यांना, अन्‌ तूच ठरव."

 मी पानांच्या आडव्या छेदाच्या आकृत्या काढणारी मुलगी. पण घरात इंग्रजी रिपोर्ट वाचू शकणारी मीच होते. मी रात्री प्रश्न लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कोणतं ऑपरेशन चांगलं, हा पहिला प्रश्न होता.

डॉक्टर घाईत होते, तरी त्यांनी खुर्ची पुढे ओढली. एका कागदावर त्यांनी मणक्यांचं चित्र दोनदा काढलं. ओपनमध्ये स्नायू मणक्यापासून सोडवावे लागतात. दुसऱ्या पद्धतीत स्नायूंच्या धाग्यांमधून एक बारीक नळी सरकवतात, मग तिच्यावरून जरा मोठी, मग आणखी मोठी. धागे तुटत नाहीत, बाजूला होतात. त्या नळीतून काम करायचं. मणका उघडा दिसत नसल्याने सारखा एक्स-रे बघत राहावं लागतं, त्यासाठी सी-आर्म नावाचं यंत्र असतं, अर्धगोल हातासारखं. रक्त कमी जातं. पहिले काही आठवडे दुखणं कमी राहतं. माणूस लवकर उठतो.

"आणि वर्षानंतर?" मी विचारलं. हा प्रश्न मी लिहून नेला नव्हता.

"वर्षानंतर दोन्ही प्रकारचे पेशंट माझ्यासमोरून चालत गेले, तर चालीवरून मला ओळखता येणार नाही," ते म्हणाले. "नस मोकळी करायची, स्क्रू बसवायचे, हाड जुळू द्यायचं. आतलं काम तेच. फरक तिथवर पोचायच्या वाटेचा आहे."

सगळ्यांना नळीची पद्धत चालत नाही, हेही त्यांनी सांगितलं. जास्त मणके असतील, पाठीला बाक आला असेल, आधी ऑपरेशन झालं असेल, तर उघडून करणंच बरं. करणाऱ्याचा हात त्या पद्धतीत बसलेला आहे का, हेही विचारून घ्यावं, असं ते स्वतःच म्हणाले. मी धीर करून तेही विचारलं. त्यांनी न रागावता उत्तर दिलं. आईच्या बाबतीत एकच जागा होती, म्हणून नळीची पद्धत योग्य, असं ठरलं.

पण आई तयार होईना. नानांना चादरीत वळवायचं काम तिने सहा-सात आठवडे केलं होतं. रोज दोन वेळा ती टाक्यांची रांग बघितली होती. "आपल्याला ते नाय जमायचं," एवढंच ती म्हणे. मला तिला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगायला हवं होतं. मी सोपं करून सांगितलं. मी म्हणाले, "आई, नानांसारखं मोठं नाही गं. तुझं छोटं ऑपरेशन आहे."

तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. मला बरं वाटलं. चूक झाली ती इथे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेआठला तिला आत नेलं. मी आणि नाना बाहेरच्या बाकावर बसलो. माझी समजूत होती की छोटा चिरा म्हणजे वेळही कमी लागेल. अकरा वाजले, बारा वाजले. नाना एकटक दाराकडे बघत होते. सव्वाबाराला डॉक्टर टोपी काढत बाहेर आले आणि म्हणाले, "झालं. नस छान मोकळी झाली." मग त्यांनी सी-आर्मवर घेतलेली चित्रं दाखवली. चार स्क्रू प्रत्येक मणक्याच्या दोन बारीक खांबांमधून सरळ आत गेले होते. त्या खांबांच्या अगदी जवळून नस जाते. स्क्रू थोडा आत सरकला असता तर पाय गेला असता. आणि हे सगळं या माणसाने उघडं न बघता, पडद्यावरच्या राखाडी सावलीवरून केलं होतं. मला त्यांच्या हातांकडे बघावंसं वाटत होतं. बघितलं तर साधेच होते. एका बोटाला शाई लागलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या आणि आईला म्हणाल्या, चला, उठायचं. नाना घाबरून मध्ये पडले. त्यांना उठायला किती दिवस लागले होते, ते त्यांच्या अंगाला माहीत होतं. सिस्टरांनी त्यांना बाजूला केलं. आई कुशीवर वळली, पाय खाली सोडले आणि उभी राहिली. खिडकीपर्यंत चालत गेली. परत येताना म्हणाली, "पायाला फरशी लागू ऱ्हायली." सहा महिन्यांत पहिल्यांदा तिला डाव्या तळव्याला गार फरशी जाणवली होती. नाना तोंड फिरवून उभे राहिले.

शेजारच्या खाटेवर देवळाली कॅम्पच्या एक मावशी होत्या. त्यांचे मालक तोफखान्यातून निवृत्त झालेले. मावशींच्या पाठीला बाक होता, तीन मणके जोडायचे होते, म्हणून त्याच डॉक्टरांनी त्याच आठवड्यात त्यांचं ऑपरेशन ओपन पद्धतीने केलं होतं. दोघींची चांगली गट्टी जमली. ड्रेसिंगच्या वेळी मावशींनी आईची पाठ बघितली. कण्याच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचाच्या पट्ट्या. बस्स. कमरेला चिरा नव्हता, कारण नसेवरचं जे हाड काढलं, तेच चुरून मधल्या जागेत भरलं होतं.

"तुमचं काय बाई, डास चावल्यागत," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे बघा, रेल्वे लाईन टाकलीय."

सगळा वॉर्ड हसला. आईही पाठ सांभाळत हसली. मीसुद्धा हसले.

पाचव्या दिवशी तिला घरी सोडलं. कागदावर लिहून दिलं होतं: वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, एका जागी अर्ध्या तासाहून जास्त बसायचं नाही, चालायचं भरपूर, कमरेला पट्टा. मी तो कागद आईला मराठीत वाचून दाखवला आणि देवघराशेजारी चिकटवला. मग माझं प्रॅक्टिकल होतं म्हणून नाशिकला परत आले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आईच्या मागावर एक पैठणी अर्धी होती. अंग विणून झालं होतं, पदर राहिला होता. विणताना प्रत्येकाचा फणीचा ठोका वेगळा असतो. कुणाचा जड, कुणाचा हलका. मध्येच हात बदलला की कापडात आडवा पट्टा उमटतो. जाणत्याला तो लगेच दिसतो. म्हणून आमच्याकडे एकाने लावलेलं लुगडं शक्यतो दुसरा पुरं करत नाही. शेजारचे दगडूकाका दोनदा विचारून गेले होते, वहिनी, मी पुरा करू का पदर. आईने नाही म्हटलं.

ऑपरेशनला एकोणीस दिवस झाले होते. नाना जर आणायला बाजारात गेले होते. आईला बरं वाटत होतं. टाके निघाले होते, पाय हलका झाला होता, रोज ती सकाळ-संध्याकाळ वेशीपर्यंत चालून येत होती. नाना इतक्या दिवसांनी कुशीवरही वळत नव्हते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेलं. आणि तिचं तर छोटं ऑपरेशन होतं. ती खड्ड्यात उतरली. बसली. चार बोटं विणलं.

उठायला गेली तेव्हा कमरेतून अशी कळ गेली की तिला जागचं हलता येईना. नाना परत आले तेव्हा ती मागाच्या तुळईला धरून तशीच बसलेली होती. नानांनी दगडूकाकांना हाक मारली. ते येईपर्यंत नाना थांबले नाहीत. दहा वर्षांत बादली न उचललेल्या माणसाने तिला काखेत धरून वर ओढलं. हे मला नंतर दगडूकाकांनी सांगितलं.

हॉस्टेलवर फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना आईला घेऊन जीपने नाशिकला आले. आई मागच्या सीटवर आडवी होती, डोळे मिटलेले. मी विचारलं, पाय? ती म्हणाली, हालतो. मग म्हणाली, "माझी अक्कल गेली होती, बाई."

एक्स-रे काढला. तो वाळेपर्यंतचा वेळ माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब होता. डॉक्टरांनी पहिला एक्स-रे आणि हा शेजारी शेजारी लावला, पट्टीने मोजलं, पुन्हा मोजलं. "स्क्रू जागेवर आहेत," ते म्हणाले. "स्नायू आखडलेत. नशीब चांगलं."

मग त्यांनी आईला विचारलं की मागावर का बसलात. आई म्हणाली, छोटं ऑपरेशन होतं म्हणून वाटलं, चालेल.

"छोटं? कुणी सांगितलं छोटं?"

"मी," मी म्हणाले.

मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी तोच जुना कागद काढायला सांगितला, ज्यावर दोन चित्रं काढली होती. तो माझ्या वहीतच होता. त्यांनी दोन्ही चित्रांवरची वरची रेघ, म्हणजे कातडी, हाताने झाकली. "आता सांग, यातलं छोटं कोणतं?"

कातडीखाली दोन्ही चित्रं सारखी होती. चार स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या दोन दांड्या, दोन मणके.

"चिरा छोटा होता," ते म्हणाले. "ऑपरेशन तेवढंच होतं. आणि अजून ते संपलेलं नाही. स्क्रू फक्त धरून ठेवतात. जोडायचं काम हाड करतं, आणि ते आपल्या वेगाने करतं. दुखत नाही म्हणजे जुळलं, असं नसतं."

हे ऐकताना मला एकदम कलम आठवलं. दुसऱ्या वर्षाला आम्हाला निफाडकडे द्राक्षाच्या बागेत नेलं होतं. जंगली खुंटावर चांगल्या जातीची काडी बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. पट्टी जोडत नाही. पट्टी काडी हलू देत नाही, एवढंच. जोडतात त्या आतल्या पेशी. मी पेपरात हे दहा मार्कांना लिहिलं होतं. आणि आईच्या पाठीचं ऐकताना ते मला एकदाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी आईला ते कलमासारखं समजावून सांगितलं. तिला कळलं. ती म्हणाली, "असं आधी सांगितलं असतं तर नसते बसले."

ती रागाने म्हणाली नव्हती. म्हणूनच ते माझ्या मनात राहिलं.

त्यानंतर आई सांभाळून राहिली. पदर पुरा करायला तिनेच दगडूकाकांना बोलावलं. काका मागावर बसले आणि ती भिंतीपलीकडे खाटेवर पडून त्यांचा ठोका ऐकायची. "जड हात हाय," असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. चौथ्या दिवसानंतर काही म्हणाली नाही. लुगडं उतरलं तेव्हा पदराच्या सुरुवातीला आईची चार बोटं आणि पुढे काकांचं, असा पट्टा मला दिसला. व्यापाऱ्याने घडी उलगडली, हात फिरवला आणि घेऊन गेला. माग नंतर नऊ महिने रिकामा राहिला. घर इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या महिन्यातल्या एक्स-रेमध्ये मला काहीच नवीन दिसलं नाही. डॉक्टर म्हणाले, धूर आल्यासारखं दिसतंय ना, तेच हाड. मला धूरही दिसला नाही. आईने मान हलवली, पण तिलाही दिसला नसावा. मागाचं काय, हे ती प्रत्येक वेळी विचारायची आणि डॉक्टर प्रत्येक वेळी म्हणायचे, अजून नाही.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना मला एवढंच सांगायचं आहे. कोणती पद्धत, हे डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा आणि तीच का, हेही विचारा. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या मावशीही वर्षभरात ताठ चालायला लागल्या. त्यांची रेल्वे लाईन त्यांना लागणारच होती. नळीच्या पद्धतीने आईचे पहिले दोन महिने नानांच्या मानाने फारच हलके गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याचं अजूनही आश्चर्य वाटतं. पण आजाऱ्याला धीर देताना ऑपरेशन लहान करून सांगू नका. धीर देण्यासारखं खरं पुष्कळ असतं.

वर्ष होत आलं तेव्हा आम्ही तिघं शेवटच्या तपासणीला गेलो. नाना आईला सोबत म्हणून आले होते. आईला एक्स-रेला पाठवून डॉक्टरांनी नानांना सहज विचारलं, तुमचं ऑपरेशन कधीचं? इतक्या वर्षांत फोटो काढला का? नानांनी नाही म्हटलं. डॉक्टरांनी त्यांनाही एक्स-रे काढायला पाठवलं. नाना जायला कचरत होते. लोखंड निखळलेलं दिसलं तर काय, अशी त्यांना भीती होती, हे मला त्यांच्या चालण्यावरून कळलं.

मग आम्हा तिघांना आत बोलावलं. पेटीवर दोन एक्स-रे लावलेले होते. डावीकडे नाना, उजवीकडे आई. नानांच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंना, वरपासून खालपर्यंत, झाडाच्या खोडासारखं जाड पांढरं हाड होतं. या वेळी मला कुणी दाखवावं लागलं नाही.

"लोखंड धरून हाय ना अजून?" नानांनी विचारलं.

"लोखंडाचं काम पहिल्या वर्षीच संपलं, दादा," डॉक्टर म्हणाले. "दहा वर्षं तुम्हाला तुमचं हाडच धरून आहे. ते आता निखळायचं नाही."

नाना पेटीजवळ सरकले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला कुणी सांगितलंच नाय." दहा वर्षं ते जपून चालत होते, आणि तेवढीच वर्षं त्यांच्या पाठीत हे खोड उभं होतं.

आई मात्र उजवीकडे बघत होती. तिच्या दोन मणक्यांमधली काळी फट भरली होती. वरच्या मणक्यापासून खालच्यापर्यंत पांढरा सलग पूल झाला होता. डॉक्टर तिला मागाबद्दल सांगत होते. बसायला हरकत नाही, पण बैठक वीतभर उंच करा, मागे टेकायला फळी लावा, अर्ध्या तासाने उठा, आठ तास विसरा, चार पुष्कळ झाले. आई ऐकत होती, पण बोट त्या पुलावर होतं.

"हे तुम्ही भरलं?" तिने विचारलं.

"आम्ही थोडा चुरा ठेवला होता. भरलं तुम्हीच, ताई. घरी खाटेवर पडल्या पडल्या."

आईने पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "निजून केलेलं हे माझं पहिलंच काम असंल."

डॉक्टर मोठ्याने हसले. मी त्या पांढऱ्या पुलाकडे बघत राहिले. आमच्या घरात कुठलंही काम चाललं की त्याचा ठोका गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातो. आणि हे एवढं काम आमच्याच घरात वर्षभर चाललं होतं, त्याचा आम्हाला कणभर आवाज आला नव्हता.